नाक्यावरची सळई

आमच्या घरात आढ्याला एक लोखंडी सळई खोचलेली आहे. लांबी हातभर आणि वर चार बोटं. एका टोकाला वळवून मूठ केलेली, दुसरं टोक अणकुचीदार, आणि त्या टोकापासून दोन बोटांवर एक खाच. नवीन माणूस बघतो आणि विचारतो, "परखी हाय का?" बाजार समितीत पोत्यातून धान्याचा नमुना काढायला जी परखी वापरतात ती पोकळ असते. ही भरीव आहे. ही माझ्या आज्याची. आजा निजाम सरकारच्या करोडगिरी नाक्यावर जवान होता.

एवढं एक वाक्य मी गावात चारचौघांत आजवर कधी बोललो नाही.

२०२३ च्या १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाला ७५ वर्षं पुरी झाली. आमच्या शाळेत झेंडावंदनानंतर सरांनी जुन्या घरांतल्या माणसांना बोलायला उठवलं. कुणाचा आजा भूमिगत होता, कुणाच्या घरी बार्शीच्या कॅम्पातली पोरं रात्री भाकरी खाऊन जायची, कुणाच्या चुलत्यानं शिंदीची झाडं तोडली होती. एकजण उठला आणि म्हणाला, "आमच्या आज्यानं करोडगिरीचा नाका जाळला." टाळ्या पडल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आमच्यात तसं सांगण्यासारखं काय नाही." आणि खाली बसलो. खरं सांगायचं होतं ते असं, की जो नाका जाळला त्या नाक्यात माझा आजा बसायचा. जाळणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत. आत बसणाऱ्याचं काय, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. म्हणून आता लिहितो.

आधी नाका म्हणजे काय ते नव्या पोरांना सांगितलं पाहिजे. आज कळंबहून बार्शीला एस.टी.नं निघालं की येरमाळा मागं पडतं, पुढं कुसळंब येतं, आणि मधे कुठंतरी जिल्हा बदलतो. तिकडं कुणी खिडकीतून बघतसुद्धा नाही. १९४८ पर्यंत तिथं राज्य बदलायचं. अलीकडं निजामाची मोगलाई, पलीकडं सोलापूर जिल्हा म्हणजे इंग्रजी मुलूख. बाया म्हणायच्या, "लेक इंग्रजीत दिलीया." म्हणजे लंडनला नाही, बार्शी तालुक्यात. बोली एक, देव एक, सोयरीक एक, पण पैसा वेगळा. पलीकडं कलदार रुपया, आमच्याकडं निजामाचा हाली. सहा कलदारांना सात हाली, असा सरकारी भाव. सालसुद्धा वेगळं. कागदावर फसली सन लिहायचे. १९४३ संपत आलं तेव्हा आमच्याकडं १३५३ फसली लागलं होतं.

आणि दोन राज्यांच्या मधे करोडगिरी. करोडगिरी म्हणजे सरहद्दीवरची जकात. आजच्या भाषेत कस्टम. तिचा मूळ दर शंभराला पाच. हा दर जुना, थेट १८०२ सालचा. त्या साली निजाम आणि इंग्रज कंपनी यांच्यात व्यापाराचा तह झाला, त्यात हे पाच ठरले. आधी तर राज्याच्या आतसुद्धा गावोगावी राहदारीचा कर द्यावा लागायचा. सालारजंगाच्या कारभारात तो मोडला आणि वसुली सरहद्दीवर आली. आत येणारं कापड, साखर, रॉकेल, लोखंडी सामान, आणि बाहेर जाणारा कापूस, शेंगा, गळिताचं धान्य, दोन्हीवर करोडगिरी. निजामाच्या खजिन्यातल्या मोठ्या आवकीत हिचा नंबर होता.

आमच्या भागाला ती सगळ्यात जास्त जाणवायची, कारण आमचा बाजार म्हणजे बार्शी. मोगलाईतला माल घाट उतरून बार्शीला जायचा आणि बार्शीचं मीठ-मिरची घाट चढून यायचं. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजानं १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला छोटी रेल्वे आणली. ती वाढत वाढत १९११ ला लातूरला पोचली. आम्हाला कळंब रोड नावाचं स्टेशन मिळालं, गावापासून लांब का असेना. पांगरी सोडून गाडी येडशीच्या अंगाला लागली की इंग्रजी हद्द संपायची. गाडीला नाका चुकवता येत नाही, तिला रूळ सोडून जाता येत नाही. बैलगाडीला येतं. घाटात आणि रानात चोरवाटा होत्या. म्हणून खरी करोडगिरी बैलगाडीवर चालायची आणि खरी चोरीही बैलगाडीतच व्हायची.

हे काही निजामानंच केलं असं नाही. इंग्रजांनी तर कहर केला होता. मिठावरचा कर बुडू नये म्हणून त्यांनी एकोणिसाव्या शतकात सिंधू नदीपासून खाली महानदीकडं जाणारी जकातीची एक रेघ आखली होती. तेवीसशे मैल लांब. तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं पहाऱ्याला. आणि त्या रेघेवर शेकडो मैल कुंपण लावलं होतं, तेही तारेचं नाही. बाभळ, बोर, करवंद, निवडुंग लावून, पाणी घालून जगवलेलं जिवंत कुंपण. पुढं काँग्रेस स्थापन करण्यात ज्याचा हात होता तो ह्यूम साहेब एका काळी या कुंपणाचा मोठा अधिकारी होता. १८७९ साली ती रेघ मोडली. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आम्ही डुकरं येऊ नयेत म्हणून बांधाला काटी लावतो, इंग्रजांनी मीठ येऊ नये म्हणून लावली.

आजा नाक्यावर लागला तो पोटासाठी. चार भावांत जमीन वाटली गेली, वाट्याला मुरमाड आली. उंची चांगली, छाती भरलेली, थोडी अक्षरओळख. कुणीतरी शब्द टाकला आणि नोकरी लागली. पगार हालीत. नाक्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या नाक्याच्या गोष्टी ज्यांच्या घरात आहेत त्यांची नातवंडं आज माझ्याबरोबर पारावर बसतात. नाका म्हणजे मोठं काही नव्हतं. रस्त्यावर आडवं लाकूड, दोन खणाची खोली, पुढं छपरी, वजनाचा काटा, आणि जप्तीचा माल ठेवायला कुलपाची कोठडी. लिहायला एक मुन्शीजी होते, उर्दू लिहिणारे, मुसलमान, वयानं आज्यापेक्षा थोर. त्यांनी आज्याला उर्दू आकडे शिकवले. आजा म्हातारपणीसुद्धा दुधाचा हिशेब भिंतीवर उर्दू आकड्यांत लिहायचा. लहानपणी मला वाटायचं, ती आज्याची काहीतरी खाजगी भाषा आहे.

चोरीचा माल कसा ओळखायचा, हे मी आज्याकडून ऐकलं ते १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत, खळ्यावर जागलीला गेलो की. सळई हे शेवटचं हत्यार, असं तो म्हणायचा. "सळई खुपसायच्या आदी मानूस बगायचा, मग बैल, मग चाकोरी, मग माल."

चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकानं पडलेला चर. पावसाळ्यात मातीत चाक किती रुतलं यावरून ओझं कळतं. वर नुसता कडबा दिसतोय आणि चाक वीतभर रुतलंय, तर कडब्याखाली दुसरं काहीतरी आहे. बैल बघायचे. रिकामी गाडी म्हणून आलेल्या बैलाच्या तोंडाला फेस असेल तर गाडी रिकामी नाही. रॉकेल वासावरून कळायचं. कोऱ्या कापडाला खळ असते, तिचा एक वास येतो, आणि कोरं लुगडं नेसलेली बाई चालली की आवाज येतो. एका अंगावर तीन लुगडी नेसून बाया नाका ओलांडायच्या. बायांची झडती घ्यायला नाक्यावर बाई नव्हती, त्यामुळं त्या सुटायच्या. आजा म्हणायचा, "येताना वाळकी काटकी, जाताना गरवार. पर बाईच्या अंगाला हात लावायचा कायदा नव्हता, आन् असता तरी म्या लावला नसता."

साखर ओळखायला मुंग्या. पोतं पेंडीचं आहे असं गाडीवान सांगतोय आणि पोत्याच्या शिवणीवर मुंग्यांची रांग लागलीय, तर मुंग्या खोटं बोलत नाहीत. लहान वस्तूंसाठी गाडीखाली लटकवलेली वंगणाची नळी बघायची. वंगणात हात घालायला कुणी धजत नाही, म्हणून लोक तिच्यातच लपवायचे. आणि माणूस? आजा म्हणायचा, "ज्याच्याकडं काय नस्तं त्यो चिडतो. उशीर व्हतोय म्हनून शिव्या देतो. ज्याच्याकडं असतं त्यो पान खायाला देतो."

पण सगळ्यात जास्त माल ना चाकोरीनं धरला जायचा ना मुंग्यांनी. तो धरला जायचा बातमीनं. एका दुकानदाराचा माल नाक्याचा पैसा भरून आला आणि शेजारच्याचा न भरता आला, की पहिलाच येऊन कानात सांगायचा. अमुक दिवशी, अमुक गाडी, तिसरं पोतं. बातमी देणाऱ्याला जप्तीच्या पैशातून वाटा मिळायचा. सळईचं नाव व्हायचं, काम मत्सराचं असायचं.

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पुनवेची यात्रा आली की नाका हात टेकायचा. इंग्रजीतली माणसं गाड्यांवर गाड्या भरून चुना वेचायला यायची. देवीच्या माणसांची किती पोती खोलणार? त्या चार दिवसांत वर्षभराची साखर आत यायची, असं आजा हसून सांगायचा. देवीच्या नावानं आलेल्या गाडीत सळई खुपसताना त्याचाही हात अडायचा.

माल सापडला की पुढची रीत ठरलेली. दोन पंच बोलवायचे, माल मोजायचा, पंचनामा लिहायचा, पोत्याला लाखेची मोहर लावायची, गाडीवानाला पावती द्यायची. माल कोठडीत, बैल नाक्याच्या लिंबाखाली. वरच्या कचेरीत निकाल व्हायचा. करोडगिरी आणि वर दंड भरला तर सुटका, नाही तर लिलाव. यातली मेख आज्यानं मला एकदाच सांगितली. दोन शेर साखरेला दंड होईल तेवढा होईल, पण निकाल लागेपर्यंत बैल बांधलेले. पेरणीच्या तोंडावर बैल आठ दिवस बांधले गेले तर त्या कुणब्याचं साल गेलं. सावकाराला दंड म्हणजे खर्च. गरिबाला जप्ती हाच दंड.

दुसरी लढाई लागली आणि सगळं अवघड झालं. कापड मिळेना, साखर मिळेना, रॉकेलला रांगा. सरकारनं धान्याची लेव्ही बसवली. घरची ज्वारी नातेवाइकाला द्यायची तर तिला परवाना. काल जो व्यवहार होता तो आज चोरी झाला. नाक्यावरच्या गाड्या वाढल्या आणि जप्त्याही वाढल्या.

त्या १३५३ फसलीतली गोष्ट. आमच्या आजीचं माहेर इंग्रजीत, बार्शी तालुक्यात. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझ्या वडलांचा मामा, त्याची थोरली लेक मोगलाईत द्यायची ठरली. लग्न नवऱ्याच्या गावी. मामा गाडी घेऊन निघाला. वर पेंडीची पोती. नाक्यावर आला तेव्हा दिवस कलला होता, मागं पाच-सहा गाड्या उभ्या होत्या, आणि लाकडाजवळ त्याचा दाजीच उभा होता. मामानं हसून रामराम केला. आज्यानंही केला. मग आज्याची नजर पोत्याच्या शिवणीवर गेली. मुंग्या.

मुन्शीजी शेजारी उभे होते. आज्यानं सळई खुपसली आणि बाहेर काढली. खाचेत साखरेचे दाणे होते, आणि त्यांच्याबरोबर हिरव्या रेशमाचा एक धागा ओढून आला होता. नवरीचं लुगडं.

आजा मला म्हणाला, "आंगठ्यानं पुसून टाकला असता तर कुनाला दिसनार नव्हतं. मुन्शीजी दुसरीकडं बगत व्हते. मला वाटतं मुद्दाम बगत व्हते." मी विचारलं, "मग का नाही पुसलास?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आदल्या दिवशी एका गरिबाचं गाडं दोन शेर साखरेपायी धरलं व्हतं. त्याचं पोरगं तापलं व्हतं, पाया पडला. म्या सोडलं न्हाई. आज पाव्हन्याचं सोडलं आस्तं, तर कालच्याचं पाप कुटं फेडलं आस्तं?"

आज्यानं आवाज दिला, "मुन्शीजी, माल हाय."

मामाचे बैल लिंबाखाली बांधले गेले. आज्यानं रात्री स्वतः त्यांना वैरण टाकली, पण मामानं त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. दंड भरून बैल आणि कापड सुटलं, साखर गेली. लग्न चार दिवस पुढं गेलं. नवरीच्या लुगड्याला सळईचं भोक पडलं होतं, तिच्या आईनं ते रफू करून दिलं. ती नवरी म्हणजे वडलांची मामेबहीण. तिच्या म्हातारपणी मी तिला भेटलो, तेव्हा ती म्हणाली, "तुज्या आज्यानं माज्या पदराला भोक पाडलं. पर हळदीच्या पिवळ्यात कुनाला दिसलं न्हाई." आणि हसली. तिला हसू आलं ते पन्नास वर्षांनी. तेव्हा मात्र आमच्या आजीचं माहेर बंद झालं. चार वर्षं ती पंचमीला गेली नाही आणि भाऊबीजेला कुणी आलं नाही.

मग १९४७ आलं. पलीकडं १५ ऑगस्टला झेंडा लागला, अलीकडं निजामानं आपलं राज्य वेगळं ठेवलं. स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्टलाच स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह सुरू केला होता, स्वामीजी तुरुंगात गेले. बार्शीच्या अंगाला सरहद्दीवर कॅम्प बसले. इकडं कासिम रझवीचे रझाकार गावोगाव फिरू लागले. तो रझवी मूळ वकील, आमच्या शेजारच्या लातूरचा. नोव्हेंबरच्या शेवटी दिल्ली आणि हैदराबाद यांच्यात जैसे थे करार झाला, पण जैसे थे काहीच राहिलं नाही.

नाक्यावर काय झालं ते ऐका. निजाम सरकारनं हुकूम काढले की सोनं-चांदी हिंदुस्थानात न्यायची नाही आणि हिंदुस्थानचा रुपया इथं चलनात धरायचा नाही. म्हणजे जो कलदार माणसं शंभर वर्षं कनवटीला लावून ये-जा करत होती, तोच आता धरायचा माल झाला. पलीकडून भारत सरकारनं नाकेबंदी केली. मीठ, रॉकेल, औषधं अडली. आता रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झडती. आणि त्याच १९४८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमानं आणून बिदर, वरंगळला निजामासाठी बंदुका-दारूगोळा उतरवत होता. भारताच्या लेखी ती तस्करी, निजामाच्या लेखी सरकारी माल. हे मला फार पुढं एका पुस्तकात वाचायला मिळालं. आज्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "म्हंजी आमी खाली पोती भोसकत व्हतो आन् वरून तोफा चालल्या व्हत्या."

लोकांचा राग मात्र वरच्या विमानावर निघू शकत नव्हता. तो निघाला नाक्यावर. गरिबाला निजाम कधी दिसला नव्हता, पण त्याचे बैल नाक्याच्या लिंबाखाली बांधलेले दिसले होते. करोडगिरीचे नाके जाळायचे हा लढ्याचा एक कार्यक्रमच झाला. खजिन्याची नाडी तुटायची, सरहद्द मोकळी व्हायची. सरहद्दीवरचे नाके एकामागं एक पेटले. आज्यालाही कळत होतं की आपली पाळी येणार. मी त्याला विचारलं होतं, नोकरी का सोडली नाहीस. तो म्हणाला, "सोडून खाऊ काय? आन् सोडली तर रझाकार म्हनतील, ह्यो तिकडं मिळाला. ऱ्हायलो तर पोरं म्हनतील, ह्यो निजामाचा." त्याच्या बोलण्यात शौर्य नव्हतं. होतं तसं सांगितलं.

त्या दिवसाचं माझे वडील सांगायचे. तेव्हा ते सात वर्षांचे. सकाळी दारात कासार आला. पलीकडच्या गावांतून बांगड्या घेऊन यायचा, त्याला नाक्यावर फारसं कुणी अडवायचं नाही. सण नव्हता, घरात पैसा नव्हता, तरी आजीनं बांगड्या भरल्या. कासार गेला. आजी थोडा वेळ चुलीपुढं बसून राहिली. मग तिनं वडलांना हाक मारली, घोंगडी टाकली, त्यावर निजवलं, दोन्ही काखेत कांदा फोडून दाबला आणि वरून तीन वाकळा टाकल्या. "हलू नगंस," म्हणाली. पोरगं घामानं भिजलं, अंग तापलं. शेजारच्या पोराला नाक्यावर धाडलं, "पोराला फणफणून ताप भरलाय, असशील तसा ये."

आजा संध्याकाळी आला. येताना मुन्शीजींना सांगून आला. मुन्शीजी म्हणाले, मीही आज कळंबला घरी जातो, नाक्यावर दोघांशिवाय बसण्यात अर्थ नाही. घरी येऊन आज्यानं पोराच्या कपाळाला हात लावला, मग काखेत हात घातला, आणि कांदा बाहेर काढला. आजीकडं बघितलं. आजी भाकरी थापत होती, नवीन बांगड्यांचा आवाज येत होता. आज्यानं कांदा चुलीत टाकला आणि जेवायला बसला.

मध्यरात्री पश्चिमेला आभाळ तांबडं झालं.

आजीला कुणी सांगितलं, हे तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. आज्यानंही कधी विचारलं नाही. मामा त्या काळात बार्शीच्या कॅम्पात होता, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूनं भारताची फौज आत आली, १७ तारखेला निजाम शरण आला. गावात साखर वाटली. ती आणायला कुठं करोडगिरी भरावी लागली नाही. हे सांगताना पुढचंही सांगितलं पाहिजे. रझाकारांनी जे केलं त्याचा वचपा त्यांच्यावर निघाला असता तर वेगळं होतं. तो निघाला ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांच्यावरही. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं सगळ्यात जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या उस्मानाबादचं नाव लिहिलं आहे. मुन्शीजी त्या आठवड्यात बायका-पोरांना घेऊन निघून गेले. कळंबच्या त्यांच्या घराला कुलूप होतं, पुढं ते कुलूपही राहिलं नाही. आजा दोनदा शोधायला गेला. त्यांच्या आठवणीत आमच्या घरात एवढंच राहिलं, भिंतीवरचे उर्दू आकडे.

१९५० साली हैदराबादचा खजिना भारताच्या खजिन्याला जोडला गेला आणि पुढच्या काही वर्षांत करोडगिरी कायमची संपली. आजा मुरमाड रानात परत आला. जळालेल्या नाक्याच्या राखेतून त्यानं एकच वस्तू उचलून आणली, ही सळई. का आणली, ते त्याला विचारायचं माझं राहून गेलं.

१९५८ ला माझ्या वडलांचं लग्न ठरलं. आपल्याकडं लग्नात पोराच्या मागं मामा उभा राहावा लागतो. आजीनं निरोप धाडला. येईल की नाही, कुणाला खात्री नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी दारात थांबली. मामा उतरला, आहेराचं गाठोडं खांद्यावर. सरळ आज्यापुढं आला, गाठोडं जमिनीवर ठेवलं, स्वतः गाठ सोडली आणि म्हणाला, "दाजी, बगून घ्या. पेंड न्हाई, साखर न्हाई. लपिवलेलं कायबी न्हाई."

अख्खा मांडव हसला. आज्यानं वाकून बघितलं. वर आजीसाठी हिरवं लुगडं होतं. आजा म्हणाला, "येऊ द्या गाडी." नाक्यावर लाकूड वर करताना म्हणायचा तसंच.

आता थोडं आजचं. माझा एक पुतण्या न्हावा-शेव्याच्या बंदरात कंटेनरच्या कंपनीत कामाला आहे. तो सांगतो, तिथं अख्खा कंटेनर यंत्राखालून जातो आणि आतलं चित्र पडद्यावर दिसतं. कुत्री वास घेतात. कागदावरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळवतात. मी म्हणालो, म्हणजे चाकोरी, मुंग्या आणि वासच की रे. कायदाही मी समजून घेतला. १९६२ च्या कस्टम कायद्यात जप्ती वेगळी आणि माल सरकारजमा होणं वेगळं. अधिकाऱ्याला कारण दिसलं तर माल जप्त करता येतो, पण सरकारजमा करण्याआधी मालकाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. सोन्याच्या बाबतीत मात्र उलटं, ते चोरीचं नाही हे ज्याच्याकडं सापडलं त्यानंच दाखवायचं. आजा असता तर म्हणाला असता, नोटीस ठीक आहे, तोवर बैल कुठं बांधले?

म्हणून नाकाच नको, असं मी म्हणणार नाही. १९९३ म्हटलं की आमच्या भागाला किल्लारीचा भूकंप आठवतो. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत बॉम्ब फुटले, २५७ माणसं मेली. ते आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरलं होतं. किनाऱ्यावर कस्टमची माणसं होती. त्यातल्या काहींना पुढं न्यायालयानं दोषी ठरवलं. म्हणजे सळई हातात होती, पण धागा अंगठ्यानं पुसला. हे वाचलं तेव्हा मला आज्याची हिरव्या धाग्याची गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. तोवर मला वाटायचं, मेव्हण्याला धरणारा आजा कठोर होता.

आता वाटतं, आज्याचा नाका चुकीच्या जागी होता. एका घरातल्या भावाच्या आणि बहिणीच्या मधे कुणी नाका बसवू नये. तो जाळला ते बरं केलं, आणि जाळणाऱ्यांना टाळ्या पडतात तेही बरोबर आहे. पण त्या चुकीच्या नाक्यावर एक माणूस सरळ वागत होता. आणि जाळायच्या आधी तो बाहेर निघावा म्हणून कुणीतरी एक कासार धाडला होता. या दोन्ही गोष्टी मुक्तिसंग्रामाच्याच आहेत, असं माझं म्हणणं आहे.

गेल्या वर्षी सोयाबीन घेऊन कळंबच्या बाजार समितीत गेलो होतो. मापाड्यानं पोत्यात परखी खुपसली, नमुना तळहातावर घेतला, फुंकर मारली. मला म्हणाला, "काका, वरचं आन् खालचं एकच दिसतंय की." मी म्हणालो, "आमच्यात वरचं येगळं आन् खालचं येगळं चालत न्हाई. आमचा आजा करोडगिरीवर व्हता."

तोंडातून निघून गेलं. मापाडी पोरगं होतं, त्याला करोडगिरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "म्हंजी?"

मागं सात-आठ गाड्या उभ्या होत्या. तरी मी त्याला सांगत बसलो.